बोली जिंकली, आता पैसे कुणाकडे?

शिवराईसारख्या शिवकालीन नाण्यासाठी आता नाण्यांच्या प्रदर्शनातल्या गर्दीत घुसावं लागत नाही. फेसबुकवरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात रात्री फोटो पडतो, पाचशेपासून बोली लागते, तासाभरात 'लिलाव बंद' असा संदेश येतो आणि तेवीसशेला नाणं जळगावच्या संग्राहकाला सुटतं. विकणारा कोल्हापूरचा, निदान त्याच्या प्रोफाइलवर तरी तसं लिहिलेलं. लगेच क्यूआर कोड येतो. पैसे पाठवा, उद्या स्पीड पोस्टने टाकतो! नाणं अस्सल की नक्कल, हे पार्सल उघडल्यावर कळेल. पण पार्सल येईपर्यंत हे तेवीसशे रुपये कुणाच्या ताब्यात राहणार, हे आत्ताच ठरतं.

अनोळखी माणसांच्या लिलावात अडचण जुनीच आहे. घेणाऱ्याला वाटतं आधी माल मिळावा, देणाऱ्याला वाटतं आधी पैसे यावेत. लासलगावला कांद्याच्या लिलावात शेतकरी आणि व्यापारी एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं. व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना असतो आणि पैसे थकले तर दाद मागायला समितीचं दार असतं. मोबाइलवरच्या लिलावात असं दार आपोआप मिळत नाही. पैसे कोणत्या वाटेने पाठवता, त्यावरच ते मिळणार की नाही हे ठरतं.

टपाल खात्याने हे कोडं एकोणिसाव्या शतकातच अर्धं सोडवलं होतं. 1877 साली भारतात व्ही.पी. म्हणजे 'व्हॅल्यू पेएबल' टपालाची सोय सुरू झाली. पोस्टमन पार्सल आणायचा, पैसे घ्यायचा, मग हातात द्यायचा. ते पैसे मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे जायचे. मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक याच वाटेने गावोगाव पोचले. यात पार्सल आल्याशिवाय पैसे जात नव्हते, पण पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडताही येत नव्हतं. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'तही बहुतेक वेळा तेच होतं. तुम्ही खोक्याचे पैसे देता, आतल्या वस्तूचे नाही.

1995 साली अमेरिकेत पियरे ओमिद्यार यांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटची सुरुवात केली, तेव्हा लोक टपालाने चेक आणि मनीऑर्डर पाठवत. भरवसा होता तो विकणाऱ्याबद्दल आधीच्या ग्राहकांनी लिहिलेल्या शेऱ्यांचा. ठकांनी त्यातली फट लवकरच हेरली. दहा-वीस स्वस्त वस्तू चोख पाठवायच्या, शेरे कमवायचे आणि मग महागडे कॅमेरे विकायला काढून गायब व्हायचं. काहींनी हरलेल्या बोलीदाराला गाठलं : 'पहिल्याने माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो, पैसे थेट पाठवा.' या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या इंटरनेट फसवणुकीच्या तक्रारींत ऑनलाइन लिलावच अव्वल होता. ईबेने 2002 साली पेपाल ही ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा विकत घेतली आणि 2008 साली अमेरिकेत कागदी चेक-मनीऑर्डर बंदच केले. पैसे आपल्या नजरेखालून गेले तरच वाद मिटवता येतो, हे कंपनीला कळून चुकलं होतं.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला होता. मुंबईत सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट ईबेने 2004 साली घेतली. तिथे 'पैसापे' नावाची सोय होती. ग्राहकाचे पैसे कंपनीकडे थांबायचे आणि वस्तू पोचल्यावर विकणाऱ्याला मिळायचे. चीनमध्ये अलीपेची सुरुवातही अशाच अनामत पद्धतीने झाली. 2018च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. तोवर यूपीआय सुरू झालं होतं. संग्राहकांच्या गटांतले लिलाव आज सर्रास त्याच्यावरच चालतात.

यूपीआय मुळात अनामतीसाठी बनलेलंच नाही. पिन टाकला की काही सेकंदांत पैसे समोरच्याच्या खात्यात, आणि ते परत ओढण्याचं बटण नाही. दूधवाल्याला पैसे देताना हीच त्याची खुबी वाटते, कधीही न पाहिलेल्या माणसाला देताना हाच धोका असतो. रिझर्व्ह बँकेने 2017 साली परिपत्रक काढून ग्राहकाला संरक्षण दिलं, पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही स्वतः पिन टाकून ठकाला पाठवलेली रक्कम भरून द्यायला बँक सहसा बांधील नसते.

मग वाट कोणती धरायची? नाणी-तिकिटांच्या नोंदणीकृत लिलावसंस्थेत माल संस्थेच्या ताब्यात असतो आणि पैसे संस्थेच्या खात्यात जातात. त्यांचं कमिशन जड वाटतं, पण ते याच भरवशाचं मोल आहे. साइटवर कार्डाने पैसे भरले, तर वस्तू न आल्यास बँकेकडे 'चार्जबॅक' मागता येतो. परदेशातून पेपालने खरेदी केली, तर 180 दिवसांत वाद नोंदवता येतो. मात्र 'मित्र आणि कुटुंब' या सदराखाली पाठवलेल्या रकमेला हे संरक्षण नाही. विकणारा त्याच सदराचा आग्रह धरत असेल किंवा 'कमिशन वाचवू, साइटबाहेर या' म्हणत असेल, तर तिथेच थांबावं. त्याने स्वतःहून सुचवलेल्या अनोळखी 'एस्क्रो' म्हणजे अनामत साइटपासूनही दूर राहावं. तशा बनावट साइट ठक स्वतःच उभारतात.

यूपीआयशिवाय गत्यंतर नसेल, तर पैसे जाण्याआधी पडद्यावर येणारं बँकेत नोंदलेलं नाव वाचा. विकणारा पाटील आणि खातं तिसऱ्याच कुणाचं, असं असेल तर पैसे पाठवू नका. वस्तू हातात धरून व्हिडिओ कॉल करायला सांगा. पार्सल उघडताना अखंड चित्रण करा, पुढे वाद झाला तर तोच पुरावा. फोन, कॅमेरा, सायकल अशा वस्तू शक्यतो प्रत्यक्ष भेटून, वापरून पाहून घ्या आणि मगच पैसे द्या.

विकणाऱ्यांसाठीही गळ टाकले जातात. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, वस्तू न बघताच घेतो, पैसे मिळवायला हा कोड स्कॅन करा' हा सापळा देशभर गाजला. पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस खरा मानू नका, खात्यातली शिल्लक बघा. जुन्या नोटा-नाण्यांना लाखोंचा भाव सांगून आधी 'शुल्क' किंवा 'कर' मागणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 2021 साली लोकांना सावध केलं होतं. ही बँक अशा खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही.

फसवणूक झालीच, तर ठकाला विनवण्यांचे मेसेज पाठवत बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहार क्रमांक, संभाषण, क्यूआर कोड, काहीच पुसू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळवली जात असते. ती एखाद्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येते.

संग्राहकांच्या जगात बहुतेक व्यवहार सरळ होतात आणि प्रत्येक नव्या माणसावर संशय घेऊन छंद चालत नाही. म्हणून बोली लावण्याआधीच आकडा ठरवावा. बुडाली तरी हळहळून सोडून देता येईल एवढी रक्कम थेट पाठवायला हरकत नाही. त्यावरची प्रत्येक खरेदी मध्यस्थामार्फत किंवा समोरासमोर. ही अट बोलीच्या आधी सांगितली, तर प्रामाणिक विकणारा सहसा रागावत नाही, कारण पैसे न देता पळणारे बोलीदार त्यानेही पाहिलेले असतात.