उत्तर कोणी दिलं?

विमानाची चाकं जमिनीला टेकली की आपण सुटकेचा श्वास सोडतो. आता भीती कसली, असं वाटतं. पण उतरल्यानंतर काही सेकंद विमान अतिशय वेगानं धावत असतं. त्याला झटकन वळता येत नाही, की थांबता येत नाही. नेमक्या त्या वेळी समोरून दुसरं विमान आलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सीच्या विमानतळावर १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसलं. त्या अपघाताच्या चौकशीत मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते रेडिओवरचं एक उत्तर.

क्विन्सीला नियंत्रण मनोरा नव्हता. अनेक छोट्या विमानतळांवर तो नसतोच. मग वाहतूक चालते कशी? सिग्नल नसलेल्या चौकात आपण हॉर्न वाजवतो, दोन्हीकडे पाहतो आणि मग पुढे जातो, तशीच. सगळे वैमानिक एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ‘मी अमुक धावपट्टीवर उतरतोय’, ‘मी उड्डाण करतोय’ असं सांगतात आणि इतरांचं ऐकतात. बाकी भिस्त डोळ्यांवर.

धावपट्टीचा क्रमांक तिच्या दिशेवरून ठरतो. होकायंत्रावरचे अंश साधारण १३० असतील तर ती १३, आणि ४० असतील तर ०४. म्हणजे क्विन्सीच्या या दोन धावपट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदत होत्या.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास बीचक्राफ्ट १९०० जातीचं प्रवासी विमान धावपट्टी १३ वर उतरत होतं. आत दहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. धावपट्टी ०४ च्या टोकाशी किंग एअर हे छोटं विमान उभं होतं. त्यात दोघे होते. त्याच्या मागे त्याहून लहान चेरोकी विमान उड्डाणासाठी खोळंबलं होतं.

उतरणाऱ्या विमानातून रेडिओवर विचारणा झाली: ०४ वरचं विमान थांबणार आहे, की उड्डाण करणार आहे? उत्तर आलं. थांबलोय, अशा अर्थाचं. पण ते दिलं मागच्या चेरोकीच्या वैमानिकानं. त्याच क्षणी प्रवासी विमानात उंची सांगणारा यंत्राचा आवाज घुमला आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. जे ऐकू आलं, त्यात ‘किंग एअर’ हे शब्द होते. किंग एअरच थांबलंय, असा समज होऊन प्रवासी विमानानं आभार मानले. चेरोकीनं तो समज दुरुस्त केला नाही. आणि किंग एअर, उड्डाणाची घोषणा न करता, धावू लागलं.

दोन्ही विमानं चौकात एकमेकांवर आदळली. चौदाही जण गेले. मन विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. प्रवासी विमानातली माणसं धडकेतून वाचली होती. मदतीला धावलेल्यांशी कॅप्टन खिडकीतून बोललीही. पण धक्क्यानं बिघडलेलं दार उघडेना. विमानतळावर अग्निशमन दल तैनात नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमांनुसार एवढ्या लहान प्रवासी विमानांसाठी ते बंधनकारक नव्हतं. सगळ्यांचा जीव घेतला तो धुरानं आणि आगीनं.

चौकशी मंडळानं मुख्य दोष किंग एअरमधल्या दोघांवर ठेवला. त्यांनी रेडिओकडे नीट कान दिले नाहीत, नजरही फिरवली नाही. चेरोकीचं अर्धवट पोचलेलं उत्तर, न उघडलेलं दार आणि अग्निशमनाचा अभाव यांचाही उल्लेख अहवालात आहे. पुढे २००४ मध्ये अमेरिकेनं विमानतळांचे नियम बदलले आणि दहा ते तीस आसनांच्या नियमित सेवेचे विमानतळही त्यांच्या कक्षेत आणले.

कायदा बदलला, तरी एक काम माणसाकडेच राहतं. ज्याला प्रश्न विचारला त्यानंच उत्तर दिलं का, आणि ते पूर्ण ऐकू आलं का, याची खात्री करण्याचं. शंका वाटली तर वैमानिकाला पुन्हा विचारता येतं. तेही जमत नसेल, तर विमान न टेकवता वर उचलून दुसरी फेरी मारता येते. पाच मिनिटं उशीर होतो, इतकंच.