‘बॅटरी उतरली’ : एका वाक्प्रयोगाचा अर्थविचार

ताप उतरला म्हणजे रोगी सुधारला. बॅटरी उतरली म्हणजे मोटार आजारी पडली. दोन्ही वाक्यांत क्रियापद अकर्मक आहे. बॅटरी कोणामुळे उतरली, हे ते सांगत नाही. हे मौन लक्षात न घेता पुष्कळ मालक नवी बॅटरी विकत घेतात व थोड्याच दिवसांत पुन्हा तेच वाक्य उच्चारतात.

२०१४ साली उत्पादन थांबलेल्या अ‍ॅम्बॅसडरच्या आरंभीच्या गाड्यांत डायनामो असे. अशा गाडीत दोषाचे कर्ते तीन संभवतात : बॅटरी चार्ज धरीत नाही, डायनामो तिला चार्ज करीत नाही, किंवा उभ्या गाडीतही वीज कोठेतरी खर्च होते.

निर्णय व्होल्टमीटरने करावा. पूर्ण चार्ज होऊन काही तास स्वस्थ राहिलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिनाचा वेग वाढविल्यावर आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. मंद वेगात डायनामो फारसा चार्ज करीत नाही. आकडा न चढल्यास पट्टा, ब्रश, रेग्युलेटर व गंजलेले जोड तपासावेत. चढत असल्यास बॅटरी पूर्ण चार्ज करावी, बॉडीकडे जाणारी तिची तार सोडवावी व रात्रभर तशीच ठेवावी. तरीही ती उतरली तर दोष तिचाच. न उतरली तर गाडीतील वायरिंगचा माग काढावा.

वाक्याने अनुक्त ठेवलेला कर्ता शोधणे, हेच येथे निदान होय.