पैशाच्या निरोपाचे पहारेकरी

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवले, म्हणजे नेमके काय जाते? नोटांची थैली काही जात नाही. जातो तो एक निरोप: ‘अमक्याच्या खात्यातून इतकी रक्कम घ्या आणि तमक्याच्या खात्यात जमा करा.’ मग हा निरोप खरा कशावरून? या प्रश्नाचे उत्तर ज्याला रात्रंदिवस सांभाळावे लागते, तो बँकेतील माहिती-सुरक्षा अभियंता.

प्रश्न तसा जुनाच आहे. तारेने पैसे पाठवण्याच्या काळात बँका निरोपासोबत एक पडताळणीचा अंक पाठवीत. समजा, दोन शाखांना ठाऊक असलेला गुप्त अंक ३४७ आहे. रक्कम ५०० रुपये आणि तारीख १२. तिघांची बेरीज ८५९. वाटेत कोणी ५०० चे ९०० केले, तर बेरीज जुळणार नाही आणि लबाडी उघडी पडेल.

पण जरा थांबा! चोराला रीत ठाऊक असेल, तर एकच निरोप वाचून तो ८५९ मधून ५०० आणि १२ वजा करील. गुप्त अंक त्याच्या हाती! म्हणून प्रत्यक्षातील कोष्टके याहून अवघड असत. आज संगणक असे गणित करतात, की उत्तर पाहून मूळ गुप्त अंक शोधणे व्यवहारात अशक्य व्हावे. १५ देशांतील २३९ बँकांनी १९७३ मध्ये बेल्जियममध्ये ‘स्विफ्ट’ ही संस्था स्थापन केली. बँकांचे परदेशी निरोप १९७७ पासून तिच्या जाळ्यातून जाऊ लागले.

किल्लीच चोरीला गेली तर?

कुलूप भक्कम आहे. पण चोर खऱ्या किल्लीनेच आत शिरला तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेत हेच घडले. नोकरीच्या अर्जाच्या नावाखाली आलेल्या ईमेलमधून चोरांनी बँकेच्या संगणकांत शिरकाव केला, असे अमेरिकी तपासात पुढे आले. महिनोन्‌महिने आत दबा धरून त्यांनी कामाची पद्धत पाहिली, पासवर्ड मिळवले. मग ४ फेब्रुवारीच्या रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश गेले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर! गणिताच्या दृष्टीने प्रत्येक आदेश अस्सल होता.

दिवसही हेरून निवडला होता. बांगलादेशात शुक्रवार-शनिवारी सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारी आणि फिलिपाइन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची. प्रत्येक निरोप आपोआप छापणारा ढाक्यातील प्रिंटर चोरांनी मुका केला होता. कर्मचाऱ्यांना वाटले, यंत्र बिघडले असेल.

पाच आदेश पार पडले. त्यांपैकी श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर अडले, कारण ‘फाउंडेशन’चे स्पेलिंग चुकून ‘फॅन्डेशन’ झाले होते आणि मधल्या एका बँकेतील माणसाला शंका आली. फिलिपाइन्समधील बँकशाखेच्या पत्त्यात ‘ज्युपिटर’ हा शब्द होता. निर्बंध घातलेल्या एका इराणी जहाजाच्या नावातही तोच शब्द असल्याने न्यूयॉर्कमध्ये बाकीच्या आदेशांची छाननी झाली. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले. त्यांपैकी सुमारे दीड कोटीच त्या वर्षी परत मिळाले.

चुकीच्या स्पेलिंगवर भिस्त नको

बाकीचा पैसा बऱ्याच अंशी योगायोगाने वाचला. पुढच्या खेपेला चोर शुद्ध लिहील! म्हणून अभियंता प्रत्येक भिंतीपाशी एकच प्रश्न विचारतो: ही पडली तर पुढे काय?

रोजची टपाल उघडणारा संगणक आणि पैशाचे निरोप धाडणारा संगणक तो वेगळ्या जाळ्यांवर ठेवतो. एकाने आदेश लिहायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, अशी विभागणी करतो. पासवर्डच्या जोडीला दुसरी खूण मागतो. कामाच्या नोंदींची एक प्रत चोराचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवतो. शिवाय नेहमीच्या सवयी संगणकाला शिकवतो. मध्यवर्ती बँकेकडून एका रात्रीत खासगी व्यक्तींच्या नावे मोठमोठ्या रकमा निघाल्या, की आदेश थोपवून फोन करायलाच हवा.

मात्र भिंती वाढल्या की काम मंदावते. इस्पितळाचे बिल भरणाऱ्याचे पैसे उगाच अडले, तर तीही चूकच. कोठे अडवायचे आणि कोठे वाट मोकळी ठेवायची, हा निर्णय ज्येष्ठ अभियंत्याचा. तेथे गणित आणि संगणकशास्त्र तर लागतेच, पण माणसे कशी चुकतात याची जाणही लागते. मुका झालेला प्रिंटर पाहून ‘असे का झाले?’ हा प्रश्न वेळीच विचारणारा माणूस त्याला हवा असतो.

तुमच्या घरीही असा एक पहारा आहे. मोबाइलवर येणारा ओटीपी ही तुमच्या खात्याची दुसरी किल्ली. आजी-आजोबांना आज हे समजावून सांगा: फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला, बँकेचे नाव सांगू लागला, तरी तो अंक त्याला द्यायचा नाही. ज्याला आपण ओळखत नाही, त्याला घराची किल्ली आपण देतो का?