आराखड्याचे सॉफ्टवेअर आणि त्याची भाषा

ऑटोकॅड, रेव्हिट आणि आर्किकॅड ही इमारतींचे आराखडे करण्याची सॉफ्टवेअर इंग्रजीशिवाय जर्मन, फ्रेंच, जपानी अशा अनेक भाषांत मिळतात. एकाच प्रकल्पावर निरनिराळ्या देशांतले वास्तुविशारद काम करतात, तेव्हा एकच फाइल वेगवेगळ्या भाषांच्या आवृत्त्यांत उघडली जाते. या फरकाचा परिणाम आज्ञा, तयार साहित्य, माहितीची नावे आणि मजकूर या चार ठिकाणी जाणवतो.

ऑटोकॅडमध्ये आज्ञा टंकून देण्याची पद्धत रूढ आहे. रेषेसाठी इंग्रजी आवृत्तीत ‘लाइन’, जर्मनमध्ये ‘लीनिए’, तर फ्रेंचमध्ये ‘लीन्य’ अशी आज्ञा आहे. त्यामुळे ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प भाषेत इंग्रजी आज्ञांवर रचलेला प्रोग्रॅम जर्मन आवृत्तीत अडतो. मात्र मूळ इंग्रजी नावाच्या आधी अंडरस्कोर लावला, की ती आज्ञा कोणत्याही भाषेत चालते. आज्ञेतल्या पर्यायांनाही हाच नियम लागू आहे.

बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडमध्ये भाषेसोबत देशही पाहिला जातो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यासाठी जर्मन भाषेच्याच वेगळ्या आवृत्त्या आहेत, कारण दारे-खिडक्यांचे संग्रह, टेम्प्लेट आणि रेखाटनाचे संकेत देशागणिक बदलतात. जर्मन टेम्प्लेटवर सुरू केलेली फाइल इंग्रजी आवृत्तीत उघडली, तर मेनू इंग्रजीत दिसतात. लेयरची नावे मात्र जर्मनच राहतात.

रेव्हिटमध्ये शॉर्टकटमधला भाषेचा संकेत बदलून दुसऱ्या भाषेत काम करता येते. भिंत, दार यांसारखे अंगभूत प्रकार आणि त्यांचे गुणधर्म नव्या भाषेत दिसतात, पण वापरकर्त्याने दिलेली नावे तशीच राहतात. रेव्हिटसोबतच्या डायनामो या प्रोग्रॅमिंग साधनातली स्क्रिप्ट गुणधर्म नावाने शोधत असेल, तर भाषा बदलताच तिला तो सापडत नाही. अंतर्गत ओळखक्रमांक मात्र सर्व भाषांत एकच असतो. म्हणून शोध त्याच्या आधारे घेणे सुरक्षित ठरते.

आकडे आणि अक्षरे यांकडेही लक्ष द्यावे लागते. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. ऑटोकॅडच्या निर्देशांकांत स्वल्पविराम दोन आकडे वेगळे करतो, म्हणून तिथे दशांशासाठी टिंबच द्यावे लागते. ऑटोकॅडची मराठी किंवा हिंदी आवृत्ती नाही, तरी आराखड्यावर देवनागरी मजकूर लिहिता येतो. त्यासाठी ‘मंगल’सारखा युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट हवा. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतो.

वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि भाषा यांच्यात देवाणघेवाण करण्यासाठी आयएफसी हा इमारतीच्या माहितीचा खुला नमुना आहे. त्याचे आयएसओ 16739 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भिंत, दार, तुळई यांना ठरावीक संज्ञा आहेत आणि पडद्यावरची भाषा कोणतीही असली तरी त्या बदलत नाहीत. वापरकर्त्याने दिलेली नावे मात्र आयएफसीतही भाषांतरित होत नाहीत. म्हणून टेम्प्लेट कोणत्या देशाचे, लेयरची नावे कोणत्या भाषेत आणि फॉन्ट कोणता, हे प्रकल्पातल्या सर्वांनी पहिली रेषा ओढण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे. अर्धे काम झाल्यावर ही नावे बदलायची तर त्यांवर बेतलेले तक्ते आणि स्क्रिप्ट पुन्हा तपासावे लागतात.