मोठी गाडी, मोठा भरवसा?

बालाघाटहून बैहरकडे घाट चढताना उकव्याच्या खाणीकडून भरलेला ट्रक समोर आला की आमच्या मनात येते, आपलीही गाडी मोठी असती तर! हा विचार सर्वस्वी चुकीचा नाही. टक्कर झाली असता जड वाहनाचा वेग थोडाच बदलतो, हलक्याचा फार. म्हणून आघात हलक्या गाडीतील माणसांनाच अधिक बसतो. परंतु हे रक्षण समोरच्या सायकलस्वाराचा धोका वाढवून मिळते. शिवाय उंच गाडी वळणावर कलंडण्याचा संभव अधिक. २०२३ साली सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवितात. तीत काही लहान गाड्यांनीही पाच तारे मिळविले आहेत. वजन दुप्पट झाले तर आघाताची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. तेव्हा वाचकहो, गाडी कोणतीही असो, पट्टा बांधावा आणि वेग आवरावा.