युरिया वितळतो की विरघळतो?

पावसाळा लागला की गावोगावी एक तक्रार ऐकू येते, "साहेब, गोणीतला युरिया वितळला." बोलण्यात हा शब्द खपून जातो. पण वितळणे वेगळे आणि विरघळणे वेगळे. हा फरक ध्यानात घेतला तर खत वाचते, आणि गोठ्यातले जनावरही वाचते.

वितळणे म्हणजे काय?

घन पदार्थाचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून आपापल्या जागी थरथरत असतात. उष्णता मिळाली की ही थरथर वाढते. ठराविक तापमानाला कणांची पकड ढिली होते, ते एकमेकांवरून सरकू लागतात आणि पदार्थ पातळ होतो. या तापमानाला त्या पदार्थाचा द्रवणांक म्हणतात. बर्फाचा द्रवणांक 0 अंश सेल्सिअस. खोबरेल तेल सुमारे 24 अंशांना पातळ होते, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, कल्हईचे कथील 232 अंशांना, तर लोखंड 1538 अंशांना.

युरियाचा द्रवणांक सुमारे 133 अंश आहे. उकळते पाणीसुद्धा 100 अंशांचे असते. तेव्हा भर मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीतही युरिया वितळणार नाही. वितळलेला युरिया असतो तो कारखान्यात. तेथे तो उंच मनोऱ्यातून थेंबाथेंबाने खाली सोडतात. पडता पडता थेंब हवेने गार होऊन गोठतो. आपण फेकतो तो बारीक, गोल दाणा म्हणजे असा गोठलेला थेंब.

मग गोणीत पाणी कोठून आले?

ते आले हवेतून. पावसाळी हवेत ओल फार असते. हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की युरिया ही ओल ओढून घेतो आणि तिच्यातच विरघळतो. हवा कोरडी झाली की दाणे एकमेकांना चिकटून गाठी होतात. मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेही असेच.

मुलांना हे दाखवायचे असेल तर टाकाऊ डब्यात थोडे पाणी घेऊन त्यात मूठभर युरिया टाका. विस्तव नाही, तरी दाणे दिसेनासे होतात. उलट डबा हाताला गार लागतो. विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता घेतो. ते पाणी नंतर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता.

नुकसान कोणते?

45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम नत्र असते. जेवढे पाणी गळून गेले, तेवढे नत्र गेले. गाठी तशाच फेकल्या तर गाठीखालचे रोप करपते आणि शेजारचे उपाशी राहते. त्याहून मोठा धोका गोठ्यात आहे. गळालेले पाणी गाई-म्हशी चाटतात. त्याने विषबाधा होऊन जनावर दगावू शकते.

काय करावे?

गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचाव्यात. फोडलेल्या गोणीचे तोंड घट्ट बांधून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र करून ठेवू नये. मिश्रणाला लवकर ओल सुटते. मिसळायचेच तर शेतात टाकण्याच्या वेळी मिसळावे. गाठी झाल्या म्हणून खत वाया गेले असे समजू नये. त्या फोडून, चाळून वापराव्यात. ओला युरिया चुलीजवळ वाळवू नये. फार तापला की त्यातून अमोनिया वायू निघतो. आणि खताची खोली गोठ्यापासून वेगळी असावी.

बंधू-भगिनींनो, युरियाला उन्हाची भीती नाही, भीती आहे ओलीची. यंदा पहिल्या पावसाआधी गोण्यांखाली फळ्या टाकून घ्या.