हवाई अंतर व प्रवासकाल
हवाई अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील लघुतम मार्गाची लांबी. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, अशा वर्तुळाचा हा कंस असतो. अक्षवृत्तीय एक अंश सु. १११ किमी. भरतो, रेखावृत्तीय एक अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखूड होतो व २०° उत्तर अक्षांशाच्या आसपास तो सु. १०५ किमी. असतो. हवाई वाहतुकीत अंतर सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) मोजण्याची प्रथा आहे.

साष्टी बेटावरील मुंबईचा विमानतळ (१९° ५′ उ., ७२° ५२′ पू.) व दीव बेटावरील नागवा येथील विमानतळ (२०° ४३′ उ., ७०° ५५′ पू.) हे याचे उत्तम उदाहरण आहे. दोहोंमधील हवाई अंतर सु. २७० किमी. (सु. १४७ सागरी मैल) येते. खुष्कीचा मार्ग खंबायतच्या आखाताला वळसा घालून जात असल्याने तो याच्या सु. तिप्पट आहे. ही दोन्ही बेटे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे आली. त्या काळी शिडाच्या गलबतांना लागणारा वेळ सर्वस्वी वारा व भरती-ओहोटी यांवर अवलंबून असे आणि पावसाळ्यात हा मार्ग जवळजवळ बंदच पडे.

ताशी सु. ५०० किमी. वेगाच्या पंखायुक्त टर्बाइन विमानाला हे अंतर कापण्यास गणिताने ३२-३३ मिनिटे पुरतात. समोरून ताशी ४० किमी. वारा असल्यास त्यात जेमतेम तीन मिनिटांची भर पडते. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उड्डाणाच्या परवानगीची प्रतीक्षा, चढण, वळणे व उतरण यांमुळे हा काल तासाच्या घरात जातो. मुंबईची दुय्यम धावपट्टी वायव्येकडे रोखलेली असून तिची दिशा दीवच्या दिशेशी बरीच जुळते. तथापि बहुतेक उड्डाणे पूर्व-पश्चिम मुख्य धावपट्टीवरूनच होतात. मार्ग जितका लहान तितका अशा अपरिहार्य विलंबाचा वाटा मोठा, म्हणून अंतराला वेगाने भागून काढलेला काल आखूड मार्गांवर विशेष फसवा ठरतो.

प्रवाशाच्या दृष्टीने जमिनीवरील टप्पाही तितकाच महत्त्वाचा. साष्टीच्या उत्तर टोकाशी वसलेले भाईंदर हे मुंबई विमानतळापेक्षा दीवला सु. १५ किमी. जवळ आहे, परंतु मिरा-भाईंदरच्या रहिवाशाला विमान पकडण्यासाठी आधी उलट, दक्षिणेकडे जावे लागते. हा टप्पा सरळ रेषेत सु. २४ किमी. असला, तरी गर्दीच्या वेळी रस्त्याने त्याला आकाशातील २७० किमी.पेक्षा अधिक वेळ लागू शकतो.

याच शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. वरसावे येथील पुलावरून भाईंदर ते वसई हे अंतर सु. ३५ किमी. पडते, तर जलमार्गाने ते साडेतीन किमी.च्या आसपास आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहनांसह प्रवासी नेणारी बोट या दोन धक्क्यांदरम्यान सुरू झाली व तासाहून अधिक लागणारा प्रवास पाऊण तासाने घटला. येथे वाहनाचा वेग वाढलेला नाही. बोट मोटारीपेक्षा मंदच असते. फक्त प्रत्यक्ष मार्ग सरळ रेषेच्या जवळ आला.